टिकल्या हलायला पायजे ना! शेकर कार्डांवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आपण शेकर कार्ड करून पाहिलं होतं. म्हणजे समोर खिडकी कापलेलं, त्या खिडकीला मागून पारदर्शक शीट लावलेलं अन् आत चमकत्या टिकल्या (सिक्विन्स) अन् मणी सोडलेलं ग्रीटिंग, हातात घेऊन हलवलं की आतला सगळा पसारा खालीवर पळतो. त्याच्यावर तुमचे इतके प्रश्न आले की या वेळेस दुसरं काहीच घेत नाही. बरेचसे जण एकाच जागी अडकलेत म्हणून सुरुवात तिथूनच.

ताई, मी दिवाळीला सहा कार्डं केली अन् सहाच्या सहा फसली. टिकल्या जाऊन शीटला चिकटून बसतात, कितीही हलवा, जागची हलत नाहीत. शीट बदलून पाह्यली तरी तेच. काऊन असं होऊन राह्यलं? (एक वाचक, प्रतापनगर)

अहो, हा प्रश्न यावेळी सगळ्यात जास्त जणींनी विचारलाय. दिवाळी आली की आपल्या नागपुरातली हवा कोरडी व्हायला लागते, ओठ फुटतात, स्वेटर डोक्यातून काढला की केस उभे राहतात अन् चटचट आवाज येतो, बरोबर? तेच स्टॅटिक तुमच्या शीटवर बसलंय. खिडकीला लावतो ती पारदर्शक ओएचपी शीट म्हणजे शेवटी प्लास्टिक, तिच्यावरचा पातळ पापुद्रा ओढून काढला किंवा ओढणीने घासून घासून पुसली की ती चार्ज होते, अन् टिकली इतकी हलकी की लगेच जाऊन चिकटते. पावसाळ्यात हवेत ओल असते म्हणून तो चार्ज टिकत नाही, त्यामुळेच राखीला केलेलं कार्ड मस्त हलतं अन् त्याच सामानाचं दिवाळीतलं कार्ड हलत नाही.

उपाय घरातच आहे, टाल्कम पावडर. कापसाचा बोळा घ्या, त्याला अगदी चिमूटभर पावडर लावा अन् शीटची जी बाजू आत येणार आहे तिच्यावर फिरवा, मग मऊ सुती कपड्याने टिपून घ्या. घासायचं नाही, टिपायचं, घासलं की पुन्हा चार्ज आलाच. शीट उजेडात धरून बघा, धूसर दिसली तर पावडर जास्त झाली, परत टिपा.

पण नुसती शीटच दोषी नसते, अन् ही दुसरी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, चार-पाच कार्डं उघडून बघितल्यावर मला कळली. खिडकीभोवती आपण जी फोम टेपची, म्हणजे स्पंजासारख्या जाड टेपची, भिंत उभी करतो, तिच्या वर अन् खाली गोंद असतो हे माहीतच आहे, पण टेप कापताना कात्रीच्या पात्यासोबत तो गोंद ओढला जातो अन् कापलेल्या कडेवरही त्याची चिकट रेघ उमटते. ती कड आत आली की झालं, टिकल्या एकेक करून तिथे जाऊन बसतात, मग त्यांच्यावर दुसऱ्या. म्हणून जुना रंगाचा ब्रश घ्या, पावडरमध्ये बुडवून झटका अन् त्या आतल्या भिंतीवरून चारही बाजूंनी फिरवा. हे करताना टेपचा वरचा कागद मात्र काढायचा नाही हं! तो काढला अन् पावडर वर पडली की तिथला गोंद गेला, मग बेस म्हणजे मागचा पुठ्ठा चिकटणारच नाही.

तिसरं म्हणजे भरण्याचा हात आवरा. तीन इंची गोल खिडकीला अर्धा चहाचा चमचा पुरतो, मी तरी त्याच्यावर जात नाही. भरगच्च खिडकी टेबलावर छान दिसते पण हलवली की आतलं जागचं सरकत नाही, अन् हलणार नसेल तर मग शेकर कार्ड कशाला करायचं, नुसत्या टिकल्या चिकटवल्या तरी चालतं. फोमची जाडीही बघा, सगळ्यात मोठा मणी टेपच्या बाजूला ठेवून डोळे टेबलाच्या उंचीवर आणून पाहायचं, टेप मण्यापेक्षा उंच दिसली पाहिजे, नसेल तर टेपचा दुसरा थर चढवा. अन् बंद करायच्या आधी वर नुसता पुठ्ठा दाबून धरून एकदा उलटंसुलटं करून बघा, आत्ता अडकलं तर आत्ताच सुधारता येतं.

बारीक मणी कोपऱ्यातून सांडतात. मैत्रिणीकडे पोचेपर्यंत अर्धे मणी स्कूटीच्या डिक्कीत. (गोकुळपेठ)

कोपऱ्यात टेपचे दोन तुकडे जिथे भेटतात तिथे केसाएवढी जरी फट राहिली तरी बारीक मणी ती शोधून काढतात. तुकडे एकमेकांना अगदी टेकवून लावा अन् सांध्याच्या बाहेरून अर्ध्या इंचाचा एक तुकडा अजून लावा, भिंतीला टेकू दिल्यासारखा. त्याहून पक्का उपाय म्हणजे टेप सोडून फोम शीट वापरायची, शाळेच्या प्रोजेक्टला मिळते ना रंगीत, ती. खिडकीपेक्षा किंचित मोठं भोक पाडून अख्खी चौकटच एका तुकड्यात कापायची, सांधाच नाही तर सांडेल कुठून? दोन्ही बाजूंनी डबल साइड टेप लावली की काम झालं. गोल खिडकी असेल तर मी नेहमी असंच करते, गोलाभोवती टेप वळवत बसण्यात जीव जातो.

अन् डिक्कीबद्दल म्हणाल तर एप्रिल-मे मध्ये कार्ड डिक्कीत ठेवूच नका. बाहेर 45 असलं की डिक्कीत त्याहून जास्त तापतं, टेपचा गोंद मऊ पडतो, ग्लू गनने चिकटवलेलं तर अजूनच लवकर सुटतं. पर्समध्ये आडवं ठेवून न्या.

शीट म्हणून अजून काय चालेल? प्रत्येक वेळेस नवं सामान आणणं परवडत नाही. (एक आजी, महाल)

आजी, तुमच्या कपाटातच अर्धं दुकान आहे. साडीच्या किंवा शर्टाच्या बॉक्सचं पारदर्शक झाकण, मिठाईच्या डब्याची खिडकी, सगळं चालतं, फक्त ओरखडे नसलेला भाग बघून कापा. कोपऱ्यावर झेरॉक्सवाला असेल तर त्याला एक रिकामा लॅमिनेशन पाऊच मशीनमधून काढून द्यायला सांगा, आत काही न ठेवता, त्याची इतकी स्वच्छ कडक शीट होते की बघत राहाल, अन् एकात चार-पाच खिडक्या निघतात. कार्डाला जाड कागद पाहिजे तर लग्नसराईत आलेल्या पत्रिका टाकू नका, त्यांचा कागद विकतच्या कार्डशीटइतका जाड असतो, छापलेली बाजू आत घ्या. गणपतीचं चित्र असेल तर ते वेगळं काढून ठेवता येतं. फेव्हिकॉलने मात्र शीट चिकटवायला जाऊ नका, तो कागदाला धरतो, प्लास्टिकला धरत नाही, वाळला की पापुद्र्यासारखा निघून येतो. तिथे डबल साइड टेपच.

व्हिडिओत सगळीकडे बर्फ, स्नोमॅन, पाईनची झाडं. आपल्या नागपुरात कुठला आला बर्फ? आपल्या ऋतूंची कार्डं कशी करायची ते सांगा ना. (मानेवाडा)

या प्रश्नाची मी वाटच पाहत होते!

आधी एक सांगते. पहिलं छापील ख्रिसमस कार्ड 1843 साली लंडनला हेन्री कोल यांनी जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून काढून घेतलं, अन् त्याच्यावर बर्फ नव्हताच. टेबलाभोवती बसून खातपीत असलेलं एक कुटुंब होतं. म्हणजे ज्यांच्याकडे बर्फ पडतो त्यांनीही सुरुवात आपल्या घरातल्या माणसांपासून केली, मग आपण का बर्फाच्या मागे लागायचं? सदरच्या चर्चजवळ राहणाऱ्या मैत्रिणीला ख्रिसमसला कार्ड द्यायचं तर मी चांदणीची खिडकी कापते अन् आत सोनेरी टिकल्या सोडते, तेवढं पुरतं.

आता आपलं वर्ष बघा. संक्रांत डोक्यावर आलीय तर पहिलं पतंगाचं करा, अन् नवशिक्यांसाठी याच्यासारखं सोपं दुसरं नाही, कारण पतंगाची खिडकी म्हणजे चार सरळ रेघा, फोमचे चार सरळ तुकडे, कुठे वळवावळवी नाही. ए-फोर कार्डशीट अर्धी कापून घडी घातली की साधारण 105 बाय 148 मिलिमीटरचं कार्ड होतं, त्याच्यावर सव्वादोन इंची चौकोन तिरपा ठेवून आखा, कडेला निदान एक सेंटिमीटर कागद सोडा म्हणजे फोमला जागा राहील. आत निळ्या टिकल्या अन् दोन-तीन रंगीत कागदाचे इवले पतंग. खाली शेपटी सॅटिनच्या पाव इंची रिबनची, ती चिकटवायची फक्त वरच्या टोकाला, बाकी मोकळी, म्हणजे कार्ड हलवलं की आत टिकल्या पळतात अन् बाहेर शेपटी हलते. गच्चीवर ‘ओ काट’ ओरडणारा पोरगा हे कार्ड खाली ठेवतच नाही, माझ्या भाच्याचा अनुभव आहे.

होळीच्या आधी पळस फुलतो. कधी उमरेडच्या रस्त्याने गेलात तर बघा, झाडावर पान नसतं अन् सगळं झाड केशरी. त्या पाकळ्या कागदाच्या कापून आत सोडा, पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, नुसते कागदाचे तुकडे हलत नाहीत, फार हलके असतात, ते शीटला टेकून बसतात. त्यांच्यासोबत सात-आठ काचेचे मणी टाका, मणी घरंगळतात अन् पाकळ्यांना ढकलत नेतात. ही युक्ती कुठल्याही कागदी आकाराला लागू पडते.

उन्हाळ्याचं कार्ड कोणी करत नाही अन् मला तर तेच सगळ्यात आवडतं. कूलरची खिडकी करा! राखाडी कार्डशीटचा चौकोन, त्याला तीन आडव्या फटी, मागे एकच शीट, आत निळे पारदर्शक मणी, पाण्याच्या थेंबांसारखे, अन् कडेला वुड वूलसारखा दिसायला सुतळीचे धागे पिंजून चिकटवा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू झाला की बाहेरगावी शिकायला गेलेल्या मुलीला असं कार्ड पाठवा, तिला घर आठवेल.

पोळ्याचं तर विचारूच नका. बैलाचा आकार कापा अन् त्याच्या पाठीवरची झूल म्हणजे खिडकी. झुलीला रंग भरायची गरजच नाही, आतल्या लाल-हिरव्या टिकल्याच झूल होतात, अन् शिंगांना बारीक रिबनचे गोंडे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोठे लोक मारबत, म्हणजे मोठमोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला इतवारीकडे निघतात अन् छोटे पोट्टे लाकडी बैल घेऊन तान्हा पोळ्याला, घरोघर बोजारा म्हणजे खाऊचे पैसे मागायला. एका वर्षी मी बोजाऱ्याचे पैसे या कार्डात घालून दिले, पैसे संध्याकाळी खाऊत गेले अन् कार्ड पुढच्या पोळ्यापर्यंत राहिलं.

संत्र्याचंही करा, आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास येतात, तेव्हा केशरी टिकल्या अन् दोन हिरवी पानं पुरेत. दिवाळीला आकाशकंदील अन् खाली रिबनच्या झिरमिळ्या. बाकी तुमचं तुम्हाला सुचेल.

रिबनची टोकं उसवतात अन् बो कधीच सारखा येत नाही. (धंतोली)

टोकासाठी मेणबत्ती लागत नाही, अगरबत्ती पेटवा अन् तिच्या लाल टोकाने रिबनच्या कडेवरून एकदाच झरकन ओढा, कड वितळून बंद होते. हे सॅटिनच्या अन् ऑरगॅन्झाच्या रिबनला, कारण ती बहुतेक पॉलिस्टर किंवा नायलॉनची असते. सुती रिबन वितळत नाही, जळते, तिला टोकाला पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब लावा. माशाच्या शेपटीसारखं टोक पाहिजे तर रिबन उभी दुमडून घडीकडून कडेकडे तिरपं कापा, एकाच कापात होतं.

बोसाठी जेवायचा काटा चमचा घ्या, त्याच्या दात्यांत रिबन गुंडाळून मधोमध गाठ मारायची, सगळे बो एका मापाचे येतात. बारा इंच रिबन एका छोट्या बोला पुरते. बो कार्डावर बांधू नका, बाहेर बांधून मग चिकटवा, नाही तर गाठ ओढताना समोरचा कागद वाकतो अन् शीट सुटते.

अजून एक, यात मी स्वतः फसले होते. कार्डावरून आडवी रिबन न्यायची असेल तर तिची टोकं मागे वळतात, अन् ती टोकं फोमच्या खाली आली की तिथे पायरी पडते, पायरी म्हणजे फट अन् फट म्हणजे मणी बाहेर. रिबन खिडकीपासून निदान अर्धा इंच लांब ठेवा, म्हणजे फोमची भिंत तिच्यावर चढणारच नाही.

संक्रांतीच्या कार्डात खरा हलवा किंवा तीळ भरले तर? किती छान कल्पना आहे! (त्रिमूर्तीनगर)

कल्पना छान आहे म्हणूनच मीही केली होती, अन् म्हणूनच तुम्हाला नको म्हणते. हळदीकुंकवाचं वाण म्हणून मी एकवीस कार्डं केली, आत खरा पांढरा काटेरी हलवा. दोन-तीन दिवस काय दिसली! मग हलवून हलवून हलव्याचे काटे झिजले, साखरेची भुकटी आतून शीटला लागली अन् खिडकी धुरकट झाली. रथसप्तमीला देवघराजवळ ठेवलेल्या गठ्ठ्याकडे मुंग्यांची रांग लागली होती, कोपऱ्यातल्या फटीतून आत. उरलेली नऊ कार्डं फेकावी लागली अन् मला फार वाईट वाटलं, रात्री जागून केली होती. आता मी लेसवाल्याकडे मिळणारे पांढरे मोती घेते, लांबून हलव्यासारखेच दिसतात. तीळ, मोहरी, साबुदाणा यांचंही तेच, आज चांगले दिसतात पण कालांतराने कीड लागते, अन् बंद खिडकीतली कीड बाहेर काढता येत नाही. खरा हलवा द्यायचाच तर छोट्या पुडीत बांधून रिबनने कार्डाला बाहेरून लटकवा.

भाऊ बंगलोरला आहे, पोस्टाने पाठवलं तर पोचेल का? (खामला)

साध्या पाकिटात नको, वर शिक्का दणकन बसला तर खिडकीच दबते. दोन्ही बाजूंनी कार्डापेक्षा थोडे मोठे पुठ्ठे लावा, बबल रॅपमध्ये गुंडाळा अन् स्पीड पोस्टने पाठवा, वजन तिथेच करून घ्या. पाकिटावर रिबनचा बो नको, तो अडकतो. अन् टाकायच्या आधी कार्ड एक दिवस पुस्तकाखाली ठेवा म्हणजे टेप नीट धरेल.

मी तिसरीला शिकवते, वर्गात चाळीस मुलं. एका तासात होईल का? (एक शिक्षिका, हिंगणा रोड)

बाई, होईल, पण खिडकी कापायचं काम मुलांना देऊ नका, कटर तर अजिबात नको. फोम शीटच्या चौकटी अन् समोरचा कागद तुम्ही घरी आधीच कापून, शीट चिकटवून आणा, दोन-चार पालकांना सोबत घेतलं तर एका संध्याकाळी चाळीस होतात. वर्गात मुलं फक्त रंगवतील, भरतील अन् बंद करतील. ग्लिटर नका आणू, ते डोळ्यांत जातं अन् शीटला चिकटून सगळ्या टिकल्या झाकून टाकतं. घरी दोन-अडीच वर्षांचं भावंड असलेली मुलं असतील तर त्यांच्या कार्डात मणी नको, मोठ्या टिकल्या अन् कागदाचे आकार द्या, कारण कार्ड फाटलं तर मणी आधी तोंडात जातो.

टिकल्यांची वाटी बाकावर ठेवली तर मुलं मुठीने भरतात, म्हणून औषधाच्या बाटलीवरची छोटी झाकणं जमवा अन् प्रत्येकाला एक झाकण भरून द्या, त्यात काय घ्यायचं ते मात्र त्यांचं त्यांना निवडू द्या. पावडर तुम्ही आधीच लावून ठेवलेली असू द्या. अन् बंद केल्यावर सगळ्यांना एकदम कार्ड हलवायला सांगा, चाळीस कार्डांचा एकत्र आवाज पत्र्यावर पावसाची पहिली सर पडल्यासारखा येतो. शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा.